सोन्याचे वय कोण सांगणार?

धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत सराफकट्ट्यावर जी गर्दी उसळते, तिच्यात उभे राहून एकदा सराफाचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. तो सोन्याचा भाव सांगतो, कस सांगतो, वजन सांगतो, मजुरी सांगतो. जुने मोडायला नेले तर घट किती धरणार तेही, जरा हळू आवाजात, सांगतो. हल्ली दागिन्याच्या आतल्या अंगाला हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक असतो, तोही भिंग हाती देऊन दाखवितो. हे सारे आपण मोठ्या बारकाईने तपासतो. घरची मंडळी तर एका वळ्यासाठी तीन दुकाने पालथी घालतात. पण इतके सगळे विचारून झाल्यावरही एक प्रश्न कोणी विचारीत नाही : "अहो शेठजी, हे सोने किती वर्षांचे?"

"आमच्या पाटल्या फार जुन्या बरं का!" असे सांगणाऱ्या गृहिणी घरोघर असतात. पण जुन्या म्हणजे किती? सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या सासूबाईंच्या गोठांतून घडविलेल्या. गोठ त्याआधीच्या पुतळ्यांच्या माळेतून. चार पिढ्या मागे गेले की वंशावळ संपते आणि शंभर-सव्वाशे वर्षांवर आपली गाडी थांबते. सोन्याचा जन्म काही त्या स्टेशनावर झालेला नसतो. सोने आटते, ओतले जाते, रूप पालटते. पण ज्या शिरेतून ते खणून काढले ती शीर कुठल्या तरी डोंगराच्या पोटात भरली तेव्हा दागिना घालायला माणूसच पृथ्वीवर नव्हता. (सोन्याचे अणू त्याही आधीचे, पृथ्वीपेक्षाही जुने. पण इतके मागे आज जायला नको. सोने खडकात येऊन बसले ती वेळ आपण त्याचे वय धरू.)

हा विषय मराठीच्या मास्तराच्या हाती कसा आला, असे वाचक विचारतील. आमचा व्यवहार अलंकारांशी खरा, पण ते उपमा-उत्प्रेक्षा जातीचे. त्यांना घट नाही आणि मजुरीही नाही. पण मुळशीकडच्या एका घरातील खरेखुरे अलंकार केवळ एका वयाच्या आकड्यापायी गहाण पडण्याच्या बेतात आले होते, आणि तो आकडा ज्या कागदावर होता तो कागद माझ्यापुढे आला. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघाले की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. पौड मागे पडले की काही वेळाने मुळा नदीवरच्या धरणाचे विस्तीर्ण पाणी दिसते, आणि त्याच्या कडेकडेने पुढे ताम्हिणीच्या घाटातून कोकणात उतरता येते. आंबेमोहोराचा सुवास येणारी भाताची खाचरे, वर काळे कडे, आणि पावसाळ्यात त्या कड्यांवरून कोसळणारे पाणी असा हा मुलूख. जमीन म्हणजे काय हे या तालुक्याला शिकवावे लागत नाही. टाटांच्या धरणाखाली शेते आणि घरे बुडणार म्हणून १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. जमिनीखाली काय आहे याची अफवा अशा ठिकाणी नुसती अफवा राहत नाही. ती माणसाला हलवून सोडते.

आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन गेलेला एक मुलगा तिकडचा. घरची चार खाचरे, त्यात विहीर खणायला काढलेली. वरची माती गेली, मुरूम गेला, मांजऱ्या लागला आणि मग काळा पाषाण. तीस-बत्तीस फुटांवर सुरुंगाचा एक बार झाला आणि पाषाणात घागरीएवढी पोकळी उघडी पडली. आत पांढऱ्या आणि फिकट हिरव्या स्फटिकांचे जणू झुंबर लागलेले. आणि त्यांच्या बुडाशी, उन्हात धरले की चमचमणारे पिवळे बारीक कण. गावात बातमी जायला कितीसा वेळ! आठ दिवसांत शहरातून एक गृहस्थ मोटार घेऊन हजर झाले. त्यांनी दगड उचलला, तो 'तपासून' आणला आणि एक टाइप केलेला कागद मुलाच्या वडिलांच्या हाती दिला. सोन्याचा पट्टा विहिरीखालून शेजारच्या खाचरापर्यंत गेला आहे. आणखी दोन खोल खड्डे घ्यायचे, खर्च तुमचा, सोने निम्मे-निम्मे, असा त्यांचा प्रस्ताव. इसार म्हणून थोडे पैसे ते घेऊनही गेले. बाकीच्या खर्चासाठी आईच्या पाटल्या आणि सुनेची मोहनमाळ गहाण टाकायचे ठरत होते. सोने शोधण्यासाठी सोने गहाण!

मुलगा माझ्याकडे आला तो कागदाचा अर्थ विचारायला. "सर, यातलं मराठी जरा समजावून सांगा. 'तत्सम कालखंडातील उष्णजलीय निक्षेप' म्हणजे काय?"

कागदात लिहिले होते की, सदर दगडाचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे असून ते गदग व कोलार येथील सुवर्णशिरांच्या वयाशी जुळते. उष्णजलीय म्हणजे ऊन पाण्यातून झालेला, निक्षेप म्हणजे साठा. तेवढा अर्थ मी सांगितला. पण शब्द कळला म्हणजे वाक्य खरे ठरले असे नव्हे, हे तर आम्ही वर्गात रोज सांगतो. तेव्हा कागद, दगड आणि मुलगा तिन्ही घेऊन मी आमच्याच महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो.

त्यांनी आधी चहा मागविला, तो पिऊन झाल्यावर बशी उलटी केली आणि तिच्या बुडाची झिलई नसलेली खरखरीत कड पुढे धरून तो पिवळा कण तिच्यावर ओढला. सोन्याची रेघ सोनेरी उठते. ही उठली काळपट हिरवी. मग दुसरा कण टाचणीच्या टोकाने दाबला. सोने मऊ, ते दबते, चपटे होते. हा कण चुरला.

"माक्षिक," ते म्हणाले. "लोखंड आणि गंधक. आयुर्वेदवाले ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात त्याच्यात तांबंही असतं. हा त्याचा चुलतभाऊ."

मुलाचा चेहरा उतरला, पण तो हुशार. "सर, पण ते म्हणतात, वरचे कण कसलेही असोत, दगडाचं वय तर सोन्याचं आहे ना? म्हणजे खाली सोनं असणारच."

"आता आलास मुद्द्यावर," प्राध्यापक म्हणाले. "कण कशाचा ते बशीनं सांगितलं. वयाचं सांगायला बशी पुरत नाही."

पुढच्या तासाभरात त्यांनी जे सांगितले, आणि नंतर मी जे वाचले, ते दिवाळीच्या डब्याच्या भाषेत सांगतो.

समजा, आईने रव्याचे ६४ लाडू वळून डब्यात भरले आणि प्रत्येकावर एकेक बेदाणा लावला. घरातला एक मुलगा असा नेमाचा, की दर दिवशी डब्यात असतील त्याच्या बरोबर निम्मे लाडू फस्त करतो. पण बेदाणा त्याला आवडत नाही, म्हणून तो काढून डब्यातच टाकतो. पहिल्या दिवसाअखेर ३२ लाडू उरतील, दुसऱ्या दिवसाअखेर १६. तुम्ही बाहेरगावाहून आलात आणि डबा उघडलात. आत १६ लाडू आणि ४८ सुटे बेदाणे. डबा भरून किती दिवस झाले? दोन. आईने सांगायला नको आणि चिरंजीवांनी कबूल व्हायलाही नको.

निसर्गात असे डबे आहेत. युरेनियम हा लाडू आणि शिसे हा बेदाणा. युरेनियमचा मुख्य प्रकार आपोआप मोडत मोडत शेवटी शिसे होतो, आणि त्यातला निम्मा भाग मोडायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. याला अर्धायुष्य म्हणतात. पोटॅशियमच्या एका प्रकाराचा काही भाग आरगॉन नावाचा वायू होतो. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. रुबिडियमचे स्ट्रॉन्शियम होते, त्याला तर हजारो कोटी वर्षे लागतात. जमिनीखालचा ताप किंवा दाब या वेगात फरक पाडीत नाही. म्हणून दगडातले 'लाडू' आणि 'बेदाणे' मोजले की दगड केव्हा बनला ते कळते.

पण हिशेब जुळायला दोन अटी आहेत. पहिली, डबा भरताना तळाशी आधीचे सुटे बेदाणे असता कामा नयेत. असतील तर ते किती होते हे कळले पाहिजे. दुसरी, मधल्या काळात कोणी डबा उघडून बेदाणे पळविलेले नसावेत. आरगॉन हा वायू असल्यामुळे दगड पुन्हा तापला की तो निसटून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होते. मग जे वय निघते ते जन्माचे नसते, शेवटच्या तापाचे असते. युरेनियमच्या घड्याळाची मौज अशी की त्याचे दोन प्रकार एकाच स्फटिकात नांदतात. दुसऱ्याचे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे आणि त्याच्यापासून होणारे शिसेही निराळ्या वजनाचे. म्हणजे एकाच डब्यात लाडू आणि करंज्या, दोन्हींचे हिशेब वेगळे. दोन्ही हिशेबांनी एकच तारीख निघाली तर डबा कोणी उघडलेला नाही, हे निश्चित.

ही विद्या फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड केल्विनसारखा थोर शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय दोन ते चार कोटी वर्षे सांगत होता. १८९६ साली बेकेरेलला किरणोत्सर्गाचा शोध लागला. १९०७ साली अमेरिकेत बोल्टवुडने युरेनियम आणि शिसे मोजून खनिजांची वये काढली. आणि १९११ साली आर्थर होम्स या अवघ्या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने दगडांची वये कोट्यवधी वर्षांत मांडून दाखविली. १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्कापाषाणातील शिसे मोजून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरविले. पन्नास वर्षांत पृथ्वी शंभरपटीहून म्हातारी झाली!

आता मुळशीच्या काळ्या पाषाणाकडे वळू. तो लाव्हा आहे, हे आपण शाळेत शिकलो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. त्याचे वय अनेकांनी आरगॉनच्या घड्याळाने काढले. युरेनियमचे घड्याळ लावायचे तर अडचण अशी, की ज्या झिरकॉन नावाच्या स्फटिकात ते सापडते तो या पाषाणात सहसा मिळत नाही. मग शास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती केली. घाटात रस्ता कापलेल्या जागी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो आपण सर्वांनी मोटारीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. एक लाव्हा थंडावल्यावर दुसरा येण्याआधी जी विश्रांती मिळाली, तेवढ्यात तयार झालेली ती माती. त्या विश्रांतीत दुसरीकडच्या ज्वालामुखीची राखही तिच्यावर पडत असे, आणि त्या राखेत झिरकॉनचे बारीक कण असत. प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन, अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री आणि त्यांचे सहकारी यांनी सह्याद्रीतल्या अशा थरांतून ते कण वेचले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : सह्याद्रीच्या लाव्हाचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अवघ्या साडेसात लाख वर्षांत ओतला गेला. पाषाण स्वतः बोलेना, तेव्हा शेजारच्या मातीची साक्ष काढली.

आता विहिरीतली ती पोकळी. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वाफेचे बुडबुडे तसेच राहतात. मागाहून त्यांच्यात ऊन पाणी झिरपते, पाषाणातले क्षार विरघळवून आणते आणि निवता निवता स्फटिकांच्या रूपाने भिंतींना लावते. आपण त्या सगळ्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. शास्त्रज्ञ त्यांना स्टिल्बाइट, ह्यूलॅंडाइट, अपोफिलाइट अशी नावे देतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आहे. यांपैकी अपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असते, म्हणून त्याला घड्याळ आहे. दख्खनच्या पाषाणातील अपोफिलाइटांची वये काढणारा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ती वये सुमारे पावणेसहा कोटींपासून दोन कोटी वर्षांपर्यंत भरली. म्हणजे घर बांधून झाल्यावर कोट्यवधी वर्षे त्याच्या कोनाड्यांत ऊन पाण्याची ये-जा चालूच होती. घराचे वय निराळे आणि कोनाड्यातल्या वस्तूचे निराळे. एकावरून दुसरे ठरवू नये.

पण एक गोष्ट नक्की ठरविता येते, आणि भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती मुलाला एका वाक्यात सांगितली : "बाबा रे, घर बांधायच्या आधी त्याच्या कोनाड्यात पणती कशी लावशील?"

तुझ्या विहिरीचा पाषाण ६.६ कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळीत जमलेला स्फटिक त्याच्याहून लहानच असणार. त्याचे वय अडीचशे कोटी असल्याचे जो कागद सांगतो, त्याने तो दगड कोणत्याही यंत्रात घातलेला नाही. गदगच्या सोन्याविषयी कुठेतरी छापून आलेला आकडा उचलून इथे टाइप केला आहे. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हे वडिलांना माझ्याच्यानं पटवून होणार नाही. तुम्ही याल?" आम्ही दोघे पुढच्या रविवारी गेलो. पणतीचे वाक्य वडिलांना लगेच पटले, ते म्हणाले, "हे आधी कुणी बोललं असतं तर!" पाटल्या आणि मोहनमाळ घरातच राहिल्या. इसाराचे पैसे परत आले नाहीत. त्या गृहस्थांचा दूरध्वनी तेव्हापासून बंद आहे. विहिरीला पाणी मात्र चांगले लागले.

मग ते खरे अडीचशे कोटी वर्षांचे सोने कुठे आहे, आणि त्याचे वय कोणी काढले?

गदग हे नाव मराठी माणसाला पंडित भीमसेन जोशींमुळे घरचे वाटते. १९५६ पर्यंत तो सगळा धारवाडचा मुलूख मुंबई राज्यात आमच्याबरोबरच होता. गदगजवळ कप्पतगुड्ड नावाची डोंगरांची रांग आहे. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी जे करतात, तेच तिथल्या ओढ्यांच्या रेतीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात त्या भागातील सोन्याचा अभ्यास केला, आणि तिथल्या अतिप्राचीन खडकांना पुढे त्यानेच 'धारवाड' हे नाव दिले. आज ते नाव जगातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

त्या खडकांत सोने आले तेही ऊन पाण्यातूनच. जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अडीचशे-तीनशे अंश तापलेले पाणी वरच्या प्रचंड दाबामुळे उकळू शकत नाही. त्यात गंधक असला की एरवी सहजासहजी न विरघळणारे सोने त्याचा हात धरून विरघळते आणि पाण्याबरोबर भेगांतून वर येऊ लागते. वाटेत लोखंडाने भरलेला खडक भेटला की गंधक सोन्याचा हात सोडतो आणि लोखंडाशी घरोबा करतो. त्या घरोब्याचे अपत्य म्हणजे माक्षिक. आणि एकटे पडलेले सोने तिथेच, पांढऱ्या गारेच्या शिरेत किंवा तिच्या काठाला, खाली बसते. म्हणजे खऱ्या सोन्याच्या शेजारी माक्षिक असते हे खोटे नाही. पण माक्षिकाच्या शेजारी सोने असतेच असे नाही. मुळशीला मोटार घेऊन आलेले गृहस्थ या अर्धसत्यावरच पोट भरतात.

ही शीर केव्हा भरली? सोन्याला विचारून उपयोग नाही. निसर्गातले सोने एकाच प्रकारचे आणि ते मोडत नाही. न मोडणे हाच तर त्याचा मोठेपणा. जे बदलत नाही त्याला काळ मोजता येत नाही. पांढऱ्या गारेच्या अंगीही भरवशाचे घड्याळ नाही. भोवतालच्या खडकाचे वय काढावे, तर ते घराचे वय होईल; सोने हा पाहुणा घरात केव्हा आला ते कळणार नाही. म्हणून असा साक्षीदार शोधावा लागतो, जो त्याच ऊन पाण्यातून, त्याच वेळी, सोन्याच्या बरोबर जन्मला आणि ज्याच्या अंगी घड्याळ आहे.

असे साक्षीदार मोनाझाइट आणि झेनोटाइम या नावांची खनिजे आहेत. त्यांच्यात युरेनियम आणि थोरियम असते आणि जन्मतः शिसे फारच थोडे, म्हणजे डब्याच्या तळाशी आधीचे बेदाणे नाहीत. पण त्यांचे कण मिलिमीटरच्या काही शतांशांएवढे, केसाच्या जाडीहूनही लहान असू शकतात. शिरेचा दगड कापून त्याचा आरपार उजेड जाईल इतका पातळ काप करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तो कण हुडकायचा, आणि पहिल्याने हे पाहायचे की हा खरोखर सोन्याचा सोबती आहे, की जुन्या खडकातून वाहत येऊन अडकलेला कोणी उपरा आहे. साक्षीदाराची उलटतपासणीच ही. ती पार पडली म्हणजे मग भारित अणूंचा बारीक झोत त्या कणावर सोडून त्यातले युरेनियम आणि शिसे मोजतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डी. श्रीनिवास सर्मा आणि त्यांचे भारतीय व ऑस्ट्रेलियन सहकारी यांनी गदग आणि चित्रदुर्गाच्या बाजूची अज्जनहळ्ळी येथील सोन्याच्या शिरांवर हे काम केले. २०११ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला : दोन्हीकडचे वय सुमारे २५२ कोटी वर्षे. ज्या खडकांत त्या शिरा आहेत ते त्याहून जुने. दक्षिणेची भूमी घडत घडत अखेर स्थिर होत होती, खालून तप्त ग्रॅनाइट वर येत होते, त्या अखेरच्या घालमेलीत हे सोने आले. घराचे बांधकाम संपत आले आणि मग लक्ष्मी आत आली, असे म्हणा.

२५२ कोटी वर्षे म्हणजे काय, याची कल्पना मनात धरायची तर आपला सह्याद्री हाती घ्यावा. आपण त्याला अढळ म्हणतो, पण गदगच्या सोन्यापुढे तो कालचा पोर. त्याचे वय अडतीस वेळा मोजावे तेव्हा त्या सोन्याच्या जन्मापाशी पोचता येते. त्या काळी जमिनीवर गवताची काडी नव्हती. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव होते, आणि हवेत आपल्याला श्वास घेण्यापुरता प्राणवायूही नव्हता.

"एवढं करून उपयोग काय?" असे व्यवहारी वाचक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. खर्च परवडेना म्हणून २००१ साली त्या बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण चालू आहे; तोही भाग १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होता. आपल्याकडे नागपूर-भंडारा भागातल्या प्राचीन खडकांत सोन्याचा अंश आढळला आहे. नवे सोने शोधायचे तर दिसेल त्या पांढऱ्या शिरेवर कुदळ मारून चालत नाही. जमिनीच्या कोणत्या घालमेलीत सोने आले ते कळले, तर त्या काळातल्या भेगांचाच माग काढता येतो आणि बाकीची जमीन खणायची वाचते. वयाचा आकडा कुदळ कुठे मारावी हे सांगतोच. पण कुठे मारू नये हेही सांगतो, आणि गरिबाच्या शेतासाठी दुसरे सांगणे जास्त मोलाचे.

काही जण म्हणतील, आमच्या पाषाणाखालीही ते जुने खडक असतीलच! आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे छिद्र घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि खाली प्राचीन खडक लागला. कोयनेच्या परिसरात तो लागायला नऊशे मीटरांहून खाली जावे लागले. मुळशीसारख्या घाटमाथ्याच्या मुलखात काळ्या पाषाणाची ही चादर अशीच जाड आहे. तीस फुटांच्या विहिरीने ती भेदली जात नाही. आणि जुना खडक म्हणजे सोने, असेही समीकरण नाही.

मला या सगळ्यात आवडली ती साक्षीदाराची गोष्ट. सगळ्यांचे डोळे सोन्याकडे. पण ते स्वतःविषयी एक अक्षर बोलत नाही. बोलतो तो त्याच्या अंगाला चिकटलेला, कोणी ढुंकून न पाहिलेला, केसाहून बारीक कण. आणि त्याचेही म्हणणे उलटतपासणी करूनच मानायचे. आपल्याकडे सोन्याच्या बाबतीत हा क्रम बरोबर उलटा चालतो. चमक पाहून विश्वास ठेवायचा, आकडा छापील असला की प्रश्न विचारायचा नाही, आणि कागदावरची भाषा जितकी अवघड तितका तो कागद खरा मानायचा.

या पाडव्याला गुंजभर का होईना, सोने घ्यालच. भाव विचारा, कस विचारा, हॉलमार्क पाहा. वय विचारलेत तर सराफ गोंधळेल, तेव्हा ते विचारू नका. मात्र सोन्याच्या नावाने कोणी तुमच्या दारात कागद घेऊन आला, जमिनीतल्या सोन्याचा असो की पैसे दुप्पट करण्याचा, तर त्याला एवढे अवश्य विचारा : "हे सांगतंय कोण, आणि त्यांनी ते मोजलं कशावर?"